मानूश गिटार : ठेका आणि सुरावट



ज्या वादनाविषयीं आज मला आपणांपुढें बोलावयाचें आहे, त्याला इंग्रजींत 'जिप्सी जॅझ' आणि फ्रान्समध्यें 'जॅझ मानूश' असें म्हणतात. पैकीं पहिलें नांव एका गैरसमजांतून निघालेलें आहे. हे फिरस्ते लोक इजिप्तमधून आले असावेत अशी युरोपांतील लोकांची समजूत झाली, आणि ती समजूतच नांव होऊन त्यांना चिकटली. त्यांच्यांतील पुष्कळांना हा शब्द आज अपमानकारक वाटतो. दुसरें नांव मात्र त्यांचें स्वतःचें आहे. मानूश म्हणजे माणूस. हें केवळ उच्चाराचें साम्य नव्हे. मराठी आणि हिंदी ज्या कुळांतल्या, त्याच कुळांतली त्यांची रोमानी भाषा असून तींतहि पाण्याला पाणी आणि कानाला कानच म्हणतात. परंतु एवढ्या आधारावर त्यांच्या गिटारीला आपल्या सतारीची धाकटी बहीण ठरविण्याचा जो उत्साह कोठें कोठें दिसतो, तो मला मान्य नाहीं. शब्द त्यांनीं घरून नेले. हें संगीत त्यांना वाटेंत भेटलें. पॅरिसच्या नृत्यगृहांत अ‍ॅकॉर्डियनवर वाजणारे वॉल्ट्झ आणि तबकड्यांवरून समुद्र ओलांडून आलेला अमेरिकेंतील कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ, या दोहोंच्या संगमावर तें जन्मलें, आणि त्या जन्माला अजून शंभर वर्षेंहि पुरीं झालेलीं नाहींत.

या संगीताचा जनक जँगो राइनहार्ट. त्याचा जन्म १९१० सालीं बेल्जममधील लिबर्शी येथें एका फिरत्या मानूश बिऱ्हाडांत झाला. पॅरिसच्या आसपास तो वाढला आणि पोरवयांतच अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या मागें बँजो वाजवून पैसे मिळवूं लागला; म्हणजे त्याची पहिली चाकरीच मुळीं साथीची होती. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी, कारण मला जें सांगावयाचें आहे त्याचा पाया येथेंच आहे. १९२८ सालीं त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. विक्रीसाठीं पत्नीनें करून ठेवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनीं पेट घेतला, आणि जँगोच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमचीं आखडलीं. सुमारें दीड वर्ष तो अंथरुणाला खिळून होता. उरलेल्या दोन बोटांनीं धांवती सुरावट वाजविण्याची जी रीत त्यानें त्यानंतर घडविली, तिची कथा गिटारवाल्यांच्या तोंडीं सर्वत्र आहे. मात्र तीं अधू बोटें अगदींच निकामी झालीं नव्हतीं. कॉर्ड, म्हणजे एकाच वेळीं वाजविलेला तीनचार स्वरांचा जुडगा, धरतांना बारीक तारा दाबण्याचें काम तो त्यांच्याकडून करून घेत असे. ठेक्याच्या कामीं त्यांचा उपयोग होता. सुरावटीच्या कामीं नव्हता.

१९३४ सालीं पॅरिसमध्यें 'हॉट क्लब दे फ्रान्स'चें पंचक उभें राहिलें. व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, डबल बासवर लुई व्होला, आणि तीन गिटारी : जँगो, त्याचा भाऊ जोसेफ आणि रोजे शापू. ढोल नाहीं, झांज नाहीं, पियानो नाहीं. असें सांगतात कीं, आरंभीं साथीला एकच गिटार असे. ग्रापेली वाजवूं लागला म्हणजे त्याच्यामागें जँगोची आणि ती अशा दोन गिटारी होत. जँगोची पाळी आली म्हणजे मात्र मागें एकच उरे. जँगोनें याबद्दल कुरकूर केली, तेव्हां जोसेफला आणून बसविण्यांत आलें. कथेला कांहीं रंग चढलेला असेल, पण तिच्यांतील मर्म खरें आहे. इतका चपळ वादक पाठीमागचा ठेका पातळ पडतो म्हणून तक्रार करतो, आणि दुसऱ्याची पाळी असतां स्वतः ठेका धरतो. त्या तबकड्या ऐकतांना ग्रापेलीच्या मागें कान द्यावा. जँगो तेथें हजर असतो.

आपल्याकडे हें वादन शिकूं पाहणारा तरुण जें ऐकून वेडावतो, तें मात्र जँगोच्या सुरावटीचें धांवतें पाणी. पहिल्याच आठवड्यांत त्याला तें हवें असतें. ठेका हें त्याच्या लेखीं दुय्यम काम. सुरावट साधेपर्यंत नाइलाजानें करावयाची हमाली. घरांतील वडील मंडळीहि "गाणें केव्हां वाजविणार?" हाच प्रश्न विचारतात. मानूश कुटुंबांत क्रम याच्या नेमका उलट आहे. मूल प्रथम चुलत्या-मामांच्या शेजारीं बसून ठेका धरतें, आणि तें कांहीं महिने नव्हे, वर्षानुवर्षें. शिवाय जन्मभर ठेकाच धरणें हें तेथें कमीपणाचें नाहीं. हॉलंडमधील रोझेनबर्ग त्रिकुटांत स्टोखेलो सुरावट वाजवितो. त्याचा भाऊबंद नूशे यानें केवळ ठेक्यावर कीर्ति मिळविली, आणि त्याचा उजवा हात कसा चालतो हें पाहण्यासाठीं देशोदेशींचे शिकाऊ टक लावून बसत आले आहेत.

या ठेक्याला फ्रेंच भाषेंत 'ला पाँप', म्हणजे पंप, असें नांव आहे. चार मात्रांचें आवर्तन घ्यावें. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर हात जाड तारांवरून सौम्यपणें खालीं येतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तो सर्व तारांवरून झपकन् उतरतो आणि तो नाद तेथल्या तेथें तोडला जातो. धुम्-चक्, धुम्-चक्. आपला कान समेवर वजन शोधणारा. येथें वजन दुसरीवर आणि चौथीवर असल्यामुळें प्रथम प्रथम सम कोणती याचाच घोटाळा होतो. याखेरीज पहिल्या व तिसऱ्या मात्रेच्या किंचित् आधीं, हात वर जातांना, तारांना एक निसटता स्पर्श होतो. तो ऐकूं यावा कीं नुसता भासावा, याविषयीं निरनिराळ्या वादकांच्या रीती निरनिराळ्या आहेत. नवशिक्यानें तो आरंभीं साफ गाळावा असें माझें मत आहे; मूळचा धुम्-चक् घट्ट झाला म्हणजे तो आपण होऊन येऊं लागतो.

हात कसा हलावा हें सांगण्यास एकच उपमा पुरेशी आहे. ओल्या हातावरचें पाणी झटकतांना मनगट जसें सैल फिरतें, तसें तें येथें फिरावें. खांद्यापासून हात चालविणारा दोन मिनिटांत थकतो. नाद तोडण्याचें काम मात्र डाव्या हाताचें. बोटें तारांवरून उचलावयाचीं नाहींत, दाब तेवढा सोडावयाचा. म्हणूनच या ठेक्यांत मोकळी तार सहसा घेत नाहींत. जी तार दाबलेलीच नाहीं, तिचा नाद दाब सोडून थांबणार कसा?

या संगीतांत मिनिटाला २०० मात्रांची लय नेहमींची समजतात. तीन मिनिटांच्या तबकडींत, त्या हिशेबानें, ठेकेवाल्याचे ६०० आघात पडतात, आणि सहाशेवा आघात पहिल्याच्याच वजनाचा असावा लागतो. तबलजी नसल्यामुळें तो डळमळला तर सांवरून घेण्यास दुसरें कोणी नाहीं. बासवाला एकटा किती वेळ ओढणार? अभ्यासाची एक युक्ति सांगतों. मेट्रोनोम मिनिटाला ५० टोल्यांवर लावावा, आणि ते टोले पहिली-तिसरी न मानतां दुसरी-चौथी मानावेत. लय १०० ची होते, आणि समेची जागा आपल्या मनानें धरून ठेवावी लागते. रोज अर्धा-पाऊण तास ही मेहनत झाली कीं, साठी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसालाहि हा ठेका साधतो. २०० ची गति साधत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

आतां सुरावटीकडे वळूं. ती ठेक्यापासून निराळी विद्या आहे अशी जी समजूत आहे, ती एका उदाहरणानें दूर होईल. ज्यांच्या घरीं गिटार आहे त्यांनीं हें करून पाहावें. सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर पांचवा पडदा दाबावा. पांचवी तार मुकी ठेवावी. चौथीवर चौथा पडदा, आणि तिसरी व दुसरी या दोहोंवर पांचवा. ए, एफ् शार्प, सी आणि ई हे चार स्वर मिळाले. ही ए मायनर सिक्स्थ. मानूश ठेक्यांतील ही अगदीं रोजची कॉर्ड. बासवाल्यानें खालीं डी हा स्वर धरला कीं तेच चार स्वर डी नाइन्थचें काम करतात. बोट हलवावें लागत नाहीं. आतां दुसऱ्या तारेवरील बोट तेवढें एक पडदा मागें घ्यावें. ई चा ई फ्लॅट झाला आणि डिमिनिश्ड कॉर्ड हातीं आली. हिच्या चारी स्वरांत तीन-तीन अर्धस्वरांचें सारखें अंतर असतें. त्यामुळें हा आकार तीन पडदे पुढें सरकविला तरी स्वर तेच राहतात, फक्त त्यांच्या जागा बदलतात.

हें ज्याच्या बोटांत मुरलें, त्यानें 'मायनर स्विंग' ऐकावें. जँगो आणि ग्रापेली यांची ही १९३७ सालची रचना. सोळा आवर्तनांचा फेरा, आणि मुख्य कॉर्डी तीनच : ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन्थ. ई सेव्हन्थ चालू असतां सुरावट वाजविणारा जी शार्पपासून डिमिनिश्डचे स्वर एकामागून एक, तीन-तीन पडद्यांच्या उड्या घेत वर नेतो आणि ए मायनरवर उतरतो. नुसत्या ऐकणाऱ्याला ही वीज चमकल्यासारखी वाटते. ज्यानें ठेका धरला आहे त्याला ती पायाखालची वाट वाटते, कारण तोच आकार त्याच्या हातानें शेंकडों वेळां धरलेला असतो. कॉर्डचा प्रत्येक स्वर, आणि त्याच्या लगत खालचा अर्धस्वर आधीं स्पर्शून मग तो स्वर. एवढ्या सामग्रीवर सुरावटीचा बराच मोठा भाग उभा आहे.

उजव्या हाताची शिस्त मात्र स्वतंत्र शिकावी लागते. साधी पिक एक मिलिमीटरहून पातळ असते. या वादकांची दोनपासून पांच मिलिमीटरपर्यंत जाड. मनगट किंचित् वांकवून हात अधांतरीं ठेवावयाचा, आघात खालीं करावयाचा, आणि पिक लगतच्या तारेवर विसांवूं द्यावयाची. तार बदलली कीं पहिला आघात खालींच पडला पाहिजे, मग लागोपाठ दोनदां खालीं यावें लागलें तरी चालेल. ज्यांनीं एकआड-एक वर-खालीं अशी सवय लावून घेतली आहे त्यांना हा नियम फार जड जातो. पण त्याचें कारण आहे. विजेच्या साहाय्यावांचून, दोन ठेक्याच्या गिटारींवरून आपला स्वर दिवाणखान्याच्या टोंकापर्यंत पोंचविण्याचा हा उपाय आहे. वाद्यहि त्याच दृष्टीनें बनलें. मारिओ माकाफेरी या इटालियन वादक-कारागिरानें आंखलेली गिटार पॅरिसच्या सेल्मर कंपनीनें १९३२ सालीं काढली. १९५२ पर्यंत ती बनत होती, आणि एकंदर नग हजारांच्या आंतच भरले. आज जीं वाद्यें मिळतात तीं तिच्या नमुन्यावर केलेलीं. मोठ्या, इंग्रजी डी अक्षरासारख्या तोंडाची ठेक्याला आणि लहान लंबगोल तोंडाची सुरावटीला, अशी वांटणी पुढें रूढ झाली. घरांत पोलादी तारांची कोणतीहि बरी गिटार असेल तर ठेक्याच्या आरंभासाठीं नवी घेण्याचें कारण नाहीं.

जँगोचें अनुकरण म्हणून कांहीं शिकाऊ दोन बोटें मिटून घेऊन वाजवितात. हें मला रुचत नाहीं. दोन बोटांमुळें हात एकाच तारेवर लांबवर सरकतो आणि त्या सरकण्याचा एक विशिष्ट नाद आहे, हें खरें; तेवढ्या जागा दोन बोटांनीं घ्याव्यात. बाकी हात देवानें दिला तसा वापरावा. या परंपरेंतील आजचे थोर वादकहि तसेंच करतात.

शिकण्याचें साधन कोणतें, कागद कीं कान? जँगोला स्वरलिपि वाचतां येत नव्हती. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतून ज्या गोमंतकीय वादकांनीं काम केलें, त्यांचा कागद पाहतांक्षणीं वाजविण्याचा हातखंडा होता, आणि तीहि विद्या थोरच. परंतु मानूश संगीत कुटुंबांतून कानोकान टिकलें, आणि तें टिकणें सोपें नव्हतें. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां ग्रापेली लंडनमध्यें राहिला व जँगो पॅरिसला परतला. १९४० सालीं त्यानें 'न्यूआज', म्हणजे 'ढग', ही रचना मुद्रित केली. युद्धाच्या त्याच वर्षांत नाझी राजवटीनें युरोपांतील रोमा आणि सिंती लोकांपैकीं लक्षावधि माणसें मारलीं. जँगो वांचला, आणि १९५३ सालीं सामवा-स्यूर-सेन येथें वयाच्या ४३ व्या वर्षीं वारला. त्यानंतर ही विद्या जिवंत राहिली ती चुलत्यानें पुतण्याला शेजारीं बसवून घेतलें म्हणून. आपल्याला तो चुलता नाहीं. पण मुद्रण सावकाश करून ऐकण्याची सोय आज खिशांतल्या भ्रमणध्वनींत आहे. चार आवर्तनें घ्यावींत, तीं गळ्यानें म्हणून पाहावींत, मग बोटांनीं शोधावींत. गळ्यांतून न निघालेली सुरावट बोटांत आली तरी ती ठेक्यावर बसत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

एवढी तयारी झाल्यावर दोघां-तिघांनीं एकत्र बसावें. एकट्यानें हें वादन पुरतें होत नाहीं. बैठकीचे नियम थोडे आहेत. ज्याची पाळी त्यानें एक-दोन फेरे वाजवावेत आणि डोळ्यानें खूण करून दुसऱ्याकडे द्यावें; दिल्यावर स्वस्थ न बसतां ठेक्यावर यावें. पांच गिटारी जमल्या तर चारी जणांनीं एकदम पंप करूं नये. दोन पुरे होतात, इतरांनीं हात आवरून ऐकावें. व्हायोलिन बोलूं लागलें कीं ठेका बराच खालीं आणावा. आणि बासवाला येऊन बसला असेल, तर जाड तारांवरचा हात आणखी हलका करावा, कारण ती जागा आतां त्याची झाली.