पाणघोडा आणि म्हातारबा कासव
(संस्थेच्या महोत्सवानिमित्त बेळगावी भरलेल्या बालमेळाव्यातील भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. परंतु समोर पाहतो तो पुढच्या सगळ्या रांगा तुम्हा मुलांनीच भरलेल्या! तेव्हा उपदेश बाजूला ठेवतो आणि एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे.

आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रातून नैर्ऋत्येकडे जात राहिले की पुष्कळ दिवसांनी आफ्रिकेतील केनिया देश लागतो. तेथे साबाकी नावाची नदी आहे. 2004 सालच्या डिसेंबरात मोठा पाऊस झाला आणि नदीतले काही पाणघोडे पुराबरोबर वाहत मालिंदी गावाजवळ समुद्राला जाऊन मिळाले. इतक्यात 26 डिसेंबरला त्सुनामीच्या लाटा आल्या. याच लाटांनी आपल्या तामिळनाडूत आणि अंदमान-निकोबारमध्ये हजारो माणसांचे प्राण घेतले. लाटा ओसरल्या तेव्हा समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर पाणघोड्याचे एकच पिल्लू अडकलेले दिसले. आई नाही, कळप नाही.

दुसऱ्या दिवशी गावकरी, कोळी, पाहुणे असे शेकडो लोक जमले. पिल्लू म्हणायचे खरे, पण वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास! जाळी तोडून ते निसटे. अखेर ज्या माणसाने त्याच्यावर झेप घेऊन त्याला धरले, त्याचे नाव होते ओवेन. तेच नाव पिल्लाला मिळाले.

ओवेनला मोंबासाजवळच्या हॅलर पार्कमध्ये नेले. ही जागा एके काळी सिमेंटसाठी चुनखडी काढून उजाड झालेली खाण होती. 1971 पासून तेथे झाडे लावून वन उभे केले. त्या वनात एक प्रचंड कासव राहत असे. त्याचे वय सुमारे एकशे तीस वर्षे असावे, असा अंदाज होता. नाव म्झे, म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत म्हातारबा. हा म्हातारबा स्वभावाने एकलकोंडा.

भेदरलेले पिल्लू सोडताक्षणी धावले आणि थेट म्हातारबाच्या पाठीमागे जाऊन दडले. म्हातारबा फुसफुसला, पुढे सरकला. पिल्लू पुन्हा मागे. तो पुन्हा सरकला. पण कासवाची धाव ती किती! सकाळी राखणदार येऊन पाहतात, तो दोघे अंगाला अंग लावून पडलेले.

मुलांनो, कासवाच्या जातीत पिल्लू सांभाळायची रीतच नाही. मादी अंडी घालते आणि निघून जाते. आणि हा तर नर! तरीही ओवेन त्याच्यामागून हिंडू लागला, त्याचे पाहून खाऊ लागला, त्याच्याबरोबर तळ्यात पोहू लागला. चल म्हणायचे असले की तो म्हातारबाच्या मागल्या पायाला हळूच तोंड लावी. त्यांच्या मनात काय चालले असेल, ते आपण माणसांनी छातीठोकपणे सांगू नये. एवढे मात्र सर्वांनी पाहिले की पाणघोडा कासव झाला नाही आणि कासव पाणघोडा झाले नाही.

ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचे कारण सांगतो. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा आला. घरी कन्नड बोलणारा, मामाकडे राहायला आलेला. तो ‘पुस्तक आला’, ‘चिमणी आला’ असे बोले आणि वर्ग हसे. मधल्या सुट्टीत तो एकटाच भिंतीशी डबा उघडून बसे. मी त्याला म्हणालो, “बाळ, आधी नीट मराठी शीक, म्हणजे मित्र आपोआप मिळतील.” मला वाटले, मी शहाणपणाचे बोललो.

पुढे चार-आठ दिवसांनी पाहतो, तो माझ्याच वर्गातला एक खोडकर मुलगा त्याच्याशी गोट्या खेळत बसलेला. नवा मुलगा गोट्या मोजी, “ओंदु, एरडु, मूरु”, हा म्हणे, “चार, पाच, सहा.” हिशेब बरोबर जुळत होता! महिनाभरात त्या मुलाची चिमणी ‘आली’. मराठी आधी आणि मैत्री मागून, असा माझा क्रम होता. पोरांनी तो उलटा करून दाखवला. चूक मुलांची नव्हती, मास्तरांची होती.

गोष्टीचा शेवटही सांगितला पाहिजे. ओवेन वाढत गेला. त्याच्या धसमुसळ्या खेळात म्हातारबाला इजा होईल, अशी भीती वाटू लागली. म्हणून 2007 साली त्याला क्लिओ नावाच्या पाणघोडीच्या सोबतीला ठेवले. आपल्या जातीत परत गेला म्हणून आधीची मैत्री खोटी ठरत नाही. गरजेच्या वेळी म्हातारबाने शेजारी जागा दिली, तेवढ्यावर पिल्लू जगले.

या दोघांची हकीकत पुस्तकात लिहिणाऱ्यांमध्ये इसाबेला हॅटकॉफ नावाची एक चिमुरडी होती. वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र पाहिले तेव्हा ती होती अवघी सहा वर्षांची. म्हणजे तुमच्याएवढीच!

आता थोड्याच वेळात पंगत बसेल. आपापल्या मित्रांची जागा धरायला तुम्ही धावाल, हे मला ठाऊक आहे. आज एवढेच करा: जो एकटा उभा असेल, ज्याची बोली, पोशाख किंवा देवाचे नाव तुमच्याहून निराळे असेल, त्याला म्हणा, “ये, इथे बस.” मोठ्यांनीही हे करून पाहावे. मीही जागा शोधणार आहे.