जुना संगणक भंगारात देण्याआधी

मी पिपरी मेघेहून बोलते आहे, बचत गटांची समन्वयक.

मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी आज कापड टाकून ठेवलेला आहे. सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. त्यात विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. पण नवीन घ्यायचा म्हणजे कर्ज, आणि कर्ज आपल्याला शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी हवं असतं. म्हणून आधी लिनक्स लावून पाहा.

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आहे, पण मोफत. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्याचे वेगवेगळे नमुने आहेत ना? वापरणाऱ्यांनी गरजेप्रमाणे ते बदलत नेले. लिनक्सचंही तसंच. उबुंटू, मिंट, जुन्या संगणकाला झेपणारी लुबुंटू, आणि आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेली बॉस. बॉसमध्ये मराठीची सोय आहे.

यातली कोणती घ्यायची? सगळ्या चालवून पाहा. मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर व्हेंटॉय नावाचा मोफत प्रोग्राम बसवा. तो बसवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी रिकामा करा. मग दोन-तीन लिनक्सच्या फाइल त्यावर टाका. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू केला की यादी येते, हवी ती निवडा. 'इन्स्टॉल' दाबत नाही तोवर आतल्या विंडोजला किंवा फोटोंना धक्का लागत नाही.

प्रत्येकीत चारच गोष्टी तपासा. वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर चालतो का? मराठी टाइप होतं का? चारही जमल्या तर ती आपली. पण कायमची बसवण्याआधी गटाचा हिशेब आणि घरचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, आणि तिथे ते उघडतात हे पाहा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता दोन संगणक जोडण्याबद्दल. घरात राउटर असेल, तर दोन्ही त्याला जोडा. प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, बहुतेक वेळा १९२.१६८ने सुरू होणारा, जसा घर क्रमांक. एकावरून 'पिंग' आणि दुसऱ्याचा क्रमांक लिहा. उत्तर आलं, म्हणजे रस्ता सुरू आहे. मग एकच प्रिंटर दोघांना पुरतो, हिशेबाची फाइल इकडून तिकडे जाते. यासाठी इंटरनेटचा रिचार्ज लागत नाही.

मात्र हिशेबाचं फोल्डर इतरांना फक्त वाचता येईल असं ठेवा. वायफायचा पासवर्ड गल्लीभर वाटू नका. कोणी किती बचत केली, कोणाचा हप्ता थकला, ही गटाची घरातली गोष्ट आहे.

शेवटचं एक. हे सगळं मुलाकडून करून घेऊ नका, त्याच्याजवळ बसून स्वतः करा. रजिस्टर आपल्या हाती आहे, तसा संगणकही असू द्या. पुढच्या बैठकीला एक पेनड्राइव्ह आणा, मिळून चालवून पाहू.