'गळा नाही' म्हणणाऱ्यांचे समूहगान

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



गटबांधणीवर बोल, असे मला सांगण्यात आले आहे. मी गाण्याबद्दल बोलणार आहे, कारण मला गट मिळाला तो गाण्यातून.

२००९ साली नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही सोलापूरहून पुण्यात, हडपसरला आलो. बदली त्याची झाली, नोकरी सुटली माझी. 'कुठल्या तुम्ही?' या प्रश्नापलीकडे शेजार सरकेना. हे माझ्या एकटीचे नाही. आपल्या देशात बायका गाव सोडतात त्याचे सर्वात मोठे कारण लग्न, हे २०११ च्या जनगणनेतही नोंदले आहे. पण मुलगी सासरी जाते त्याला आपण स्थलांतर म्हणतच नाही. मग तिचे एकटेपण कोण मोजणार?

पूर्वी या एकटेपणाला जात्याची सोबत होती. दोघी समोरासमोर बसायच्या, एक ओवी गायची, दुसरी साथ द्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यांतल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबही आहेत. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले. त्याबद्दल तक्रार नाही. पण मनातले बोलायची जागाही गेली. ती आता मुद्दाम तयार करावी लागते.

आमच्या भागात बालवाडीच्या खोलीत दर गुरुवारी सात-आठ जणी चळवळीची गाणी म्हणायला जमायच्या. मीही जाऊ लागले. पहिला प्रश्न पट्टीचा निघाला. पेटी वाजवणाऱ्या ताईंना काळी चार सोयीची. निम्म्या जणींचा आवाज तिथे फाटायचा. मग ठरले, जिचा आवाज सर्वात खालचा, तिला झेपेल ती पट्टी. गाणे थोडे फिके झाले, पण 'मला गळा नाही' म्हणून मागे बसणाऱ्या पुढे आल्या.

दुसरा वाद उच्चाराचा. एक मैत्रीण भीमगीत शिकवत होती. तिच्या 'पानी'चे दुसरीने 'पाणी' केले. ती गप्प झाली. त्या दिवशी गाणे झालेच नाही, जातीवर बोलणे झाले. शुद्ध भाषा कोणाची आणि ते ठरवणार कोण? शेवटी नियम केला, की जिचे गाणे तिचा उच्चार. बाकीच्यांनी तो शिकायचा. भगिनीभाव नुसत्या घोषणेने येत नाही, त्याला असे वाद पचवावे लागतात.

तिसरी गोष्ट श्वासाची. लांब सूर एकटीला पुरत नाही आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाणे तुटते. म्हणून शेजारणीकडे कान ठेवायचा. ती थांबेल तेव्हा आपण सूर धरायचा. ही सवय लागली, की कोण आलेली नाही ते हजेरी न घेता कळते. एक मैत्रीण लागोपाठ दोन गुरुवार आली नाही. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. तिला मारहाण झाली होती, बाहेर पडायला बंदी होती. पुढे पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे तिच्याबरोबर गेलो त्या आम्ही चौघीच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालीच झाला होता. पण त्या कायद्यापर्यंत पोचायला तिला आधी दारात ओळखीचे चेहरे दिसावे लागले.

'गाणी म्हणून काय होणार?' असे आपल्यातल्याच काही जणी विचारतात. स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ मध्ये ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' रंगभूमीवर आणले ते गाण्यांसकट. भाषण आपण ऐकतो आणि घरी जातो. गाणे घरी बरोबर येते, भांडी घासताना ओठांवर येते.

म्हणून माझी एक सूचना आहे. नव्या वस्तीत पहिली बैठक भाषणाने सुरू करू नका. नुकतीच राहायला आलेली बाई असेल तिला तिच्या गावाकडचे गाणे विचारा आणि सगळ्या जणी ते शिका. पाण्याचे, रेशनचे, घरातल्या मारहाणीचे प्रश्न मग तीच मांडू लागेल. तेव्हा आपल्यालाही तिचे ऐकायची सवय झालेली असेल.