फुकटच्या डब्याचा भाव

आज एका रिकाम्या डब्याविषयी बोलायचं आहे. डबा सिगारचा, लाकडी. त्याला दांडी जोडून, चार नायलॉनच्या तारा ओढून अमेरिकेतली हौशी माणसं घरच्या घरी युकुलेले बनवतात. दोन-चार मित्रांना देऊन होतात, आणि मग एखादा अनोळखी माणूस विचारतो, "केवढ्याला देणार?" तिथे बनवणारा अडखळतो.

त्या अडखळण्यामागे जुना इतिहास आहे. १८६०च्या दशकात अमेरिकी सरकारने यादवी युद्धाच्या खर्चासाठी सिगारवर कर बसवला. सिगार ठरावीक संख्येच्या डब्यांतच भरायच्या, डब्यावर कराचं तिकीट लावायचं आणि तो डबा पुन्हा सिगारसाठी वापरायचा नाही, असे नियम झाले. हलके, चांगल्या लाकडाचे डबे घरोघर पडून राहू लागले. एडविन फोर्ब्सच्या १८७६ सालच्या एका चित्रात छावणीतला सैनिक सिगारच्या डब्याचं व्हायोलिन वाजवताना दिसतो. पुढे लाइटनिन हॉपकिन्ससारख्या ब्लूज गायकाची पहिली गिटारही लहानपणी अशाच डब्यातून घडली. युकुलेले आलं दुसऱ्या वाटेने. १८७९ साली मदेरा बेटावरून होनोलुलूला पोचलेल्या जहाजात पोर्तुगीज सुतार होते. त्यांच्याकडच्या छोट्या तंतुवाद्यातून ते हवाईत जन्मलं.

ज्याला वाद्य विकत घेणं परवडत नव्हतं, त्याने स्वतःसाठी केलेलं हे वाद्य. त्यामुळे त्याला भाव लावताना मनात अपराधी वाटतं. डबा फुकट मिळाला, मग पैसे कशाचे मागायचे?

पैसे सुराचे. डब्याला आकार होताच. सूर तुम्ही आणला. सोप्रानो युकुलेलेची तार वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत साधारण ३३० मिलिमीटर असते. त्या लांबीला १७.८१७ने भागलं की पहिल्या पडद्याची जागा मिळते, सुमारे साडेअठरा मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरा पडदा. असं करत बारावा पडदा बरोबर मध्यावर, १६५ मिलिमीटरवर येतो. इतक्या आखूड तारेवर एक मिलिमीटरची चूकही कानाला खुपते. पडदे चुकले तर ते भिंतीवर टांगायचं खेळणं, आणि बरोबर बसले तर वाद्य. भावातला मोठा फरक इथेच पडतो.

डब्याची पारखही हवी. कागद चिकटवलेल्या, दाबलेल्या भुश्श्याच्या डब्याचा आवाज बसका येतो. जुन्या चांगल्या डब्यांच्या लाकडाला तिकडे स्पॅनिश सेडार म्हणतात, पण ते देवदाराच्या जातीचं नाही. ते कडुनिंबाच्या कुळातलं, आपल्या तूनचं भाऊबंद. आणि तून म्हणजे मिरजेच्या सतारीचं लाकूड! दूर देशातल्या त्या डब्यात गोडवा कुठून येतो, हे मिरजेच्या कारागिराला वेगळं सांगावं लागणार नाही. दांडी डब्यातून आरपार घातली की तारांची ओढ दांडीच झेलते, आणि पातळ झाकण गुंजायला मोकळं राहतं.

आता हिशेब. समजा, खुंट्या, पडद्यांची तार, दांडीचं लाकूड, तारांचा संच, सरस आणि पॉलिश मिळून ३५ डॉलर झाले. हात बसलेल्या माणसाला दहा तास लागले आणि त्याने आपल्या तासाचे १५ डॉलर धरले. झाले १८५. कारखान्यातलं साधं सोप्रानो मात्र पन्नास-साठ डॉलरला मिळतं. हे पाहून बहुतेक जण घाबरतात आणि आपली मजुरी नावापुरती धरून सत्तर डॉलरला विकतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. त्यात त्यांचं नुकसान होतंच, शिवाय शेजारच्या गावात याच कामावर घर चालवू पाहणाऱ्याचाही भाव पडतो. कारखान्याशी स्पर्धा स्वस्ताईत करायचीच नाही. कमी करायचे ते तास. एकदम सहा दांड्या कापा, पडद्यांच्या खाचांसाठी एकच साचा करून ठेवा. दहाचे सात तास झाले की ४५ डॉलर तिथेच सुटतात.

विकण्याचा खर्चही किमतीत धरा. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारात अमेरिकेतल्या विक्रेत्याकडून विक्रीवर साडेसहा टक्के, पैसे वळते करण्याचे ३ टक्के अधिक २५ सेंट आणि वस्तू मांडण्याचे २० सेंट घेतले जातात. १८० डॉलरच्या वाद्यामागे साडेसतरा डॉलर गेले, आणि टपालखर्चावरची टक्केवारी निराळी. दुकानात ठेवलं तर दुकानदाराचा वाटा याहून बराच मोठा.

गिऱ्हाईक सजावट पाहून थांबतं, पण घेतं ते ऐकून. म्हणून जत्रेत मांडणी केलीत तर एक वाद्य सुरात लावून लोकांच्या हातात द्या. ऑनलाइन विकत असाल तर छायाचित्रांबरोबर अर्ध्या मिनिटाचं वादनही ठेवा, मागे दुसरं संगीत न लावता. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि सूर उतरतो. तेव्हा विकण्याआधी चार-पाच दिवस रोज लावून वाजवा, नाहीतर घरी नेलेलं वाद्य बेसूर निघालं म्हणून ते परत येईल.

आणि झाकण बंद करण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवा: तुमचं नाव, तारीख, तारेची लांबी, कोणत्या तारा लावल्यात. दहा वर्षांनी तार तुटली, तर दुरुस्त करणारा भोकातून आत डोकावून ती वाचेल.