कुत्रा कोणाचा?



या व्यासपीठावर आपण ज्ञानेश्वरी ऐकतो, शेअर बाजार ऐकतो, मधुमेह ऐकतो. यंदा संयोजकांनी मला कुत्रा दिला. विषय हलका वाटला असेल, तर एवढंच सांगतो की तो आपल्या नागपुरातून निघून थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे.

20 ऑक्टोबर 2022 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, म्हणजे न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल पानसरे यांनी, आदेश दिला. सार्वजनिक जागी भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं नाही. माया असेल तर दत्तक घ्या, घरी न्या, महापालिकेत नोंद करा. नाहीतर निवारागृहात ठेवा. मोडलं तर दर वेळी 200 रुपयांपर्यंत दंड. महिना उलटायच्या आत, 16 नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने याला आवर घातला. पोळी टाकणाऱ्याने कुत्रा दत्तकच घ्यावा असा आग्रह धरता येणार नाही, महापालिकेने खाऊ घालायच्या जागा ठरवून द्याव्यात, आणि खाऊ घालणाऱ्यांनी लोकांना उपद्रव होऊ देऊ नये, असं सांगितलं. त्या महिन्यात भल्या भल्या शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं होतं. माझं मत विचाराल, तर उच्च न्यायालयाचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र झेपणारं नव्हतं. प्रश्न असा की, कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा तो सगळ्यांचा. चावतो तेव्हा कोणाचा?

भटक्यांच्या बाबतीत हे भांडण अजून चालू आहे, चालू राहील. पण ज्याच्या गळ्यात पट्टा आहे त्याच्या बाबतीत वादच नाही. 2001 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीच पाळीव आणि रस्त्यावरचा असे दोन भाग पाडले, आणि पाळीवाची लस, नसबंदी, परवाना मालकाच्या गळ्यात घातला. म्हणून आज मला भटक्यांबद्दल कमी आणि आपल्यासारख्या, घरी कुत्रा असलेल्यांबद्दल जास्त बोलायचं आहे.

सकाळी साडेपाचला धरमपेठेच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा. फाटकाफाटकाला लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील. रंगीत पाण्याला कुत्री भितात अशी आपली ठाम समजूत. मी त्याच बाटलीवर तंगडी वर केलेला कुत्रा पाहिला आहे. पण बाटली हा उपाय नव्हे, ती तक्रार आहे, आणि ती फक्त भटक्यांविरुद्ध आहे असं समजू नका. साखळी हातात, लॅब्रॅडॉर दुसऱ्याच्या फाटकासमोर बसलेला, आणि मालक मोबाइलमध्ये किंवा गुलमोहराकडे असा काही बघतोय, जणू साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्याला ठाऊकच नाही. दहा मिनिटांनी घरची सून बादली-झाडू घेऊन बाहेर येते, धुते, मग रांगोळी काढते. खिशात एक जुना पेपर किंवा पिशवी ठेवायला काय लागतं हो? त्या घाणीत जंतांची अंडी असतात, ती मातीत महिनोन् महिने टिकतात, आणि त्याच मातीत शेजारचं पोरगं खेळतं.

इथे सोसायटीवाल्यांनाही ऐकवतो. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच तसं कळवलं आहे. पण त्याच पत्रात मालकाने घाण उचलावी, बाहेर नेताना पट्टा बांधावा, असंही सुचवलं आहे. आपण पहिला अर्धा भाग छापून नोटीस बोर्डावर लावतो. आणि ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य कायद्यात कुठेही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही नको. मग तडक दवाखाना. मालकाने लसीचं कार्ड घेऊन सोबत जावं. निम्मं भांडण तिथेच मिटतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हाती काही उरत नाही. आणि तो आटोक्यात येतो हे गोव्याने दाखवलं आहे. तिथे 2014 पासून गावोगाव फिरून, जाळीने पकडून कुत्र्यांना लस टोचली. 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर संसर्गाची साखळी तुटते, एवढं साधं गणित आहे.

गोव्यावरून आठवलं. आपल्याला समुद्र नाही, आपली चौपाटी फुटाळा तलावाची. त्यामुळे कोकणात गेलो की आपण कुत्र्यालाही किनाऱ्यावर मोकळा सोडतो. वेळास, आंजर्ल्याकडे हिवाळ्याच्या शेवटी ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालतात, आणि ती उकरण्यात कुत्री पटाईत. वेळासला 2002 मध्ये गावकरी आणि चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था यांनी ती अंडी कुंपणाच्या आत जपायला सुरुवात केली. तिथे तरी पट्टा सोडू नका.

आता मला खरं टोचतं ते. मे महिन्यात 45 अंशांच्या या गावात लोक हस्की आणतात. त्याला दुपारी डांबरावर चालवतात, मग तो कूलरसमोरून हलत नाही म्हणून कंटाळतात. मग कुठेतरी सोडून येतात. जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. साठच्या दशकात ती रक्कम असेल; आज तेवढ्यात तर्री पोह्याची प्लेट येते.

दुसरी गोष्ट धरमपेठेत जास्त दिसते. मुलगा बारावीत हट्ट करतो, पिल्लू येतं. दोन वर्षांत मुलगा पुण्याला, मग बंगळुरूला. मागे राहतो तीस किलोचा कुत्रा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. ती त्याला ओढत नाही, तो तिला ओढतो. पिल्लू आणण्याआधी घरात बसून ठरवा की पुढची बारा वर्षं सकाळी साडेपाचला साखळी कोणाच्या हातात असेल, आणि नोंदणीच्या अर्जावर त्याचंच नाव घाला. मुलगा बाहेर जाणार असेल, तर फिरवायला येणाऱ्या माणसाचा पगार त्यानेच पाठवावा, दर महिन्याला, न सांगता.