छत्रीची तटबंदी

खेळाच्या मैदानावर टाळ्या मिळतात त्या बहुधा चढाई करणाऱ्याला. ज्याने काही घडवून आणले त्याचे नाव सर्वतोमुखी होते. ज्याने काही घडू दिले नाही त्याचे स्मरण क्वचितच राहते. आज ज्या चार खेळाडूंविषयी बोलावयाचे आहे, ते या दुसऱ्या वर्गातले होत. १९५० साली न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकेतील धंदेवाईक फुटबॉल संघाची पिछाडी त्यांनी सांभाळली.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदीच निराळा खेळ आहे. चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांस निमुळता. तो हातात घेऊन पळावयाचे किंवा साथीदाराकडे फेकावयाचे. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. १९०६ पर्यंत चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास मनाई होती, त्यामुळे सारा खेळ म्हणजे रेटारेटीच असे. त्या वर्षी फेकीस मान्यता मिळाली. १९३३ साली नॅशनल फुटबॉल लीगने आपल्या सामन्यांत ती आघाडीच्या रेषेमागून कोठूनही करण्याची मुभा दिली. तेव्हापासून संकट समोरून येते तसे डोक्यावरूनही येऊ लागले, आणि पिछाडीच्या रक्षकांचे, तिकडे ज्यांना डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात त्यांचे, महत्त्व वाढत गेले. तरीही पुष्कळ वर्षे तेच अकरा गडी चढाईही करीत आणि बचावही करीत. १९५० साली खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची सवलत लीगने कायमची केली आणि बचाव हेच ज्यांचे व्रत, असा स्वतंत्र वर्ग उदयास आला.

त्याच वर्षी क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ या लीगमध्ये दाखल झाला. ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स या प्रतिस्पर्धी संस्थेची १९४६ ते १९४९ ही चारही विजेतेपदे त्याने जिंकली होती. ऑटो ग्रॅहम हा त्यांचा क्वार्टरबॅक फेकीत अत्यंत निष्णात. नवागतांची खरी कसोटी आता लागेल, अशी जुन्या लीगच्या अभिमान्यांची समजूत होती. परंतु पहिल्याच सामन्यात ब्राउन्सनी विद्यमान विजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सचा ३५-१० असा धुव्वा उडविला.

या झंझावातास अडवावे कसे, हा प्रश्न जायंट्सचे मार्गदर्शक स्टीव्ह ओवेन यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी सहा गडी आघाडीस, एक मध्ये आणि चार पिछाडीस अशी मांडणी केली. मेख होती ती आघाडीच्या दोन टोकांच्या गड्यांत. चेंडू खेळात येताच ते पुढे न धावता मागे सरकत आणि फेकीच्या वाटा अडवीत. वरून पाहणाऱ्यास ही रचना उघडलेल्या छत्रीसारखी दिसे. म्हणून तिला ‘छत्रीचा बचाव’ हे नाव पडले. १ ऑक्टोबर १९५० रोजी क्लीव्हलंड येथे जायंट्सनी ब्राउन्सना ६-० असे हरविले. एकही गुण न मिळण्याची पाळी त्या संघावर पूर्वी कधीच आली नव्हती.

या छत्रीच्या चार काड्या म्हणजे एम्लेन टनेल, टॉम लँड्री, ऑटो श्नेलबाखर आणि हार्मन रो. टनेलखेरीज बाकीचे तिघे त्याच वर्षी, बंद पडलेल्या कॉन्फरन्सच्या न्यूयॉर्क यँकीज संघातून आले होते. श्नेलबाखर धंदेवाईक बास्केटबॉलही खेळला होता. १९५१ साली प्रतिपक्षाच्या अकरा फेकी हवेतच हिरावून घेऊन त्याने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. टेक्सासचा लँड्री महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. ओवेन आराखडा रेखाटून देत आणि त्याचा उलगडा सहकाऱ्यांपाशी लँड्री करी, असे सांगतात. पुढे हाच लँड्री १९६० पासून १९८८ पर्यंत डॅलस काउबॉइज संघाचा मार्गदर्शक होता.

टनेलची कथा मात्र अधिक मनोवेधक आहे. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ साली ही भिंत ढासळू लागली. १९४८ मध्ये टनेल कोणाच्या निमंत्रणावाचून, वाटेत भेटेल त्या वाहनाने मजल दरमजल करीत न्यूयॉर्कला आला, संघाच्या कचेरीत शिरला आणि आपणास संधी द्यावी असे त्याने सरळ सांगितले. जायंट्सचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १९५२ साली प्रतिपक्षाचे चेंडू हिरावून आणि त्यांनी लाथेने उडविलेले चेंडू परत आणून त्याने ९२४ यार्ड मजल मारली. त्या वर्षी चेंडू घेऊन धावण्यात लीगमध्ये पहिला आलेला गडी ८९४ यार्डांवर थांबला होता! बचाव म्हणजे हात बांधून उभे राहणे नव्हे, हे याहून स्पष्ट कोणी दाखवावे? त्याने आयुष्यात ७९ फेकी हिरावल्या. १९६७ साली धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय होय. युद्धकाळात तो तटरक्षक दलात होता. तेथे आगीत सापडलेल्या एका सहकाऱ्याचा आणि पुढे १९४६ साली समुद्रात पडलेल्या दुसऱ्याचा प्राण त्याने वाचविला. त्याबद्दलचे रौप्यपदक त्याच्या नावे दिले गेले ते २०११ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. राखणाऱ्याच्या गौरवास उशीर लागतो, तो असा.

१९५० च्या हंगामाचा शेवट कसा झाला? दुसऱ्या सामन्यातही जायंट्सच १७-१३ असे जिंकले. परंतु दोन्ही संघांचे दहा विजय आणि दोन पराभव असे समसमान झाल्याने १७ डिसेंबर रोजी, कडाक्याच्या थंडीत, निर्णायक सामना खेळावा लागला. त्यात ब्राउन्स ८-३ असे विजयी झाले आणि पुढे लीगचे विजेतेपदही त्यांनी पटकाविले. तथापि या निर्णायक सामन्यातही छत्री फाटली नाही. ब्राउन्सना एकही टचडाउन करता आला नाही. त्यांचे सारे गुण लाथेने मारलेल्या दोन गोलांचे आणि त्यांच्या बचावाने मिळविलेल्या एका सेफ्टीचे होते. उलट जायंट्सचा जीन रॉबर्ट्स मोकळा सुटला असता ब्राउन्सच्या बिल विलिस या कृष्णवर्णीय रक्षकाने मागून धावत जाऊन त्यास गाठले आणि जवळजवळ निश्चित झालेला टचडाउन वाचविला. म्हणजे ज्या गुणाने जायंट्सनी दोनदा बाजी मारली, त्याच गुणाने तिसऱ्या खेपेस त्यांचा घास हिरावला.

तीन सामन्यांत मिळून अशा बलाढ्य प्रतिपक्षाला अवघे एकवीस गुण मिळू दिले, तरी विजेतेपद हुकले ते हुकलेच. गुणफलकावर केलेल्या गुणांची नोंद होते; न होऊ दिलेल्या गुणांना तेथे रकाना नसतो. तो रकाना सुजाण प्रेक्षकाने आपल्या मनात ठेवावयाचा असतो. आणि हे केवळ खेळापुरतेच खरे आहे, असे थोडेच आहे?