कुलूपबंद घरें आणि सावंतवाडीचा राजवाडा

कोल्हापूरकडून करूळचा घाट उतरला कीं वैभववाडी लागते. येथून दक्षिणेस सावंतवाडीपर्यंत जांभ्या दगडाचीं जुनीं घरें दिसतात, आणि त्यांतील कितीतरी घरांच्या दारांस कुलूप असतें. धनी मुंबईस. गणेशचतुर्थीस आणि शिमग्यास तीं उघडतात. एरव्हीं वाळवी आणि पाऊस हेच त्यांचे रहिवासी. असें घर बहुधा वरून खचतें. चूल पेटेनाशी झाली कीं आढ्यावाशांस धूर मिळत नाहीं व किडीचें फावतें. चार कौलें सरकलीं आणि कोणीं बसविलीं नाहींत, तर पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतें. घर टिकविण्याचें खरें औषध म्हणजे घरांत माणसाचा वावर. घरचा माणूस नसेल तर पाहुण्यावर भागेल काय?

हा प्रश्न केवळ कोंकणाचा नाहीं. दक्षिण इटलींतील बर्नाल्दा या लहानशा गांवांतूनही माणसें पोटासाठीं अमेरिकेस गेलीं. अशाच एका गांवकऱ्याचा नातू, चित्रपट-दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला, यानें तेथील १८९२ चा एक वाडा दुरुस्त करून २०१२ मध्यें नऊ खोल्यांचें अतिथिगृह म्हणून उघडला. सजावटीस झाक ग्राँज हा फ्रेंच कलावंत बोलाविला. वाडा देखणा झाला, यांत शंका नाहीं. परंतु ज्या गांवांत कला घरचीच आहे, तेथें ती बाहेरून आणावी लागत नाहीं.

सावंतवाडी हें असें गांव. तेथील राजवाडा तिसरे खेम सावंत भोसले यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांत, बांधला गेला. १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें, १९७१ मध्यें तनखेही बंद झाले, आणि एवढी मोठी वास्तु घरच्या मिळकतीवर सांभाळण्याची वेळ आली. त्याच सुमारास गांवांतील गंजिफांची कलाही अखेरच्या घटका मोजीत होती. वाटोळीं पानें चिंचोक्याच्या खळीनें तयार करावयाचीं, रंगवून त्यांवर लाखेचा लेप चढवावयाचा, असें हें काम. दशावतारी संचांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतचीं दहा, अशीं बारा पानें, एकूण १२०. मत्स्याच्या पानावर मासे, परशुरामाच्या पानावर परशु. शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, आणि दरबाराच्या दालनांतच तरुण कारागिरांस कामाला बसविलें. ज्या दालनांत पूर्वीं मुजरे होत, तेथें आतां कुंचले चालूं लागले. दालनास यापरता चांगला उपयोग कोणता?

पुढच्या पिढींत राजवाड्याचा एक भाग दुरुस्त होऊन पाहुण्यांच्या निवासासाठीं खुला झाला, आणि त्याची सजावट याच गंजिफांच्या चित्रांनीं झाली. वाड्यानें ज्या कलेस छत्र दिलें, तिनेंच वाड्यास गिऱ्हाईक मिळवून दिलें.

वैभववाडीच्या तीन खोल्यांच्या घरास राजघराण्याचें नांव नाहीं कीं चितारी नाहीं, हें खरें. तथापि त्याच्या गरजाही तेवढ्याच माफक. दुरुस्तीच्या उत्साहांत जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढविण्याची जी चाल पडली आहे ती मात्र घातक. ओल कोंडून दगड आंतल्या आंत झिजतो. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, आणि चुन्याचें काम जाणणारा गवंडी मिळाला तर त्यास सोडूं नये. कौलें चाळण्याचें काम मिरगापूर्वीं व्हावें लागतें. चतुर्थीस आलेल्या चाकरमान्यास गळती दिसते खरी, पण तोंवर अडीच महिन्यांचा पाऊस भिंतींत मुरलेला असतो. पाहुण्यांचा हंगाम दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतचा. त्याचा पैसा नेमका कौलें चाळण्याच्या वेळीं हातीं येतो.